विम्याचे कार्ड आणि मक्तेदाराचा शिक्का

माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली, यांचे सेवेशी.



आपण श्रम खात्याचे मंत्री आहात आणि त्या अधिकाराने कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे अध्यक्षही आहात; या दुसऱ्या नात्याने आपणांस हे पत्र उघडपणे लिहीत आहे. लिहिणारा पनवेलचा राहणारा, तळोजे औद्योगिक वसाहतीत टाइमकीपरची नोकरी करून निवृत्त झालेला एक इसम आहे. नव्याने रुजू होणाऱ्या कामगाराचे नाव मस्टरवर चढवावे, त्याला गेटपास द्यावा आणि विम्याच्या घोषणापत्रावर त्याच्या बापाचे, बायकोचे, मुलाबाळांचे नाव व जन्मतारीख विचारून विचारून लिहावी, असा ज्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता, त्याच्या ओटीवर निवृत्तीनंतरही माणसे कागद घेऊन येत राहावीत यात नवल नाही. पण त्या कागदांत सर्वांत अधिक भरणा विम्याच्या कार्डासंबंधीच्या कागदांचा असावा, ही गोष्ट आपल्या कानी घालण्याजोगी आहे.

योजनेविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ज्याचा मासिक पगार २१,००० रुपयांच्या आत आहे त्याच्याकडून शेकडा पाऊण रुपया आणि त्याच्या मालकाकडून शेकडा सव्वातीन रुपये घ्यावेत, आणि त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला कामावर लागल्या दिवसापासून औषधोपचार द्यावा, आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पगाराचे शेकडा ७० द्यावेत, कामावर इजा झाली तर शेकडा ९० द्यावेत, बाळंतपणाला २६ आठवड्यांचा पूर्ण पगार द्यावा आणि कामावर अपघात होऊन तो दगावलाच तर मागे राहिलेल्यांना दरमहा रक्कम पोचती करावी, इतक्या अल्प वर्गणीत इतके औदार्य दाखविणारी दुसरी विमा योजना माझ्या पाहण्यात नाही. तळोज्यातील रासायनिक कारखान्यात पिंपे उचलणारा हेल्पर खासगी रुग्णालयाच्या दारात कर्ज काढल्यावाचून उभा राहू शकत नाही. त्याला वाशीच्या कामगार रुग्णालयाचे दार उघडे आहे, ही या देशाने केलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. माझे म्हणणे केवळ त्या दाराच्या किल्लीबद्दल आहे. ती ज्याची आहे त्याच्या हाती नसते.

थोडा इतिहास सांगतो. आपणांस तो ठाऊक असेलच, परंतु खुले पत्र इतरही वाचतात. १९४३ च्या मार्च महिन्यात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा भार डॉ. बाबासाहेब आंबेडकर वाहत होते. १९४४ च्या ऑगस्टमध्ये आडारकरांनी आपला अहवाल सादर केला. इंग्लंडातील बेव्हरिजच्या सामाजिक सुरक्षेवरील अहवालाचा बोलबाला तेव्हा ताजा होता, आणि पंडित नेहरूंनी आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हटल्याचे महामंडळ आजही अभिमानाने सांगते. १९४८ साली अधिनियम झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ या दिवशी कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप उद्यानात नेहरूंच्याच हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. आरंभी कानपूर व दिल्ली या दोन ठिकाणचे मिळून सुमारे १ लाख २० हजार कामगार तिच्या कक्षेत होते. महाराष्ट्रात, नागपूर आणि मुंबई या शहरांत, ती १९५४ साली आली. महामंडळाचे पहिले महासंचालक डॉ. चुनीलाल कटियाल हेही मोठे नामी गृहस्थ होते. लंडनच्या गरीब वस्तीत दवाखाना चालविलेल्या, पुढे तेथील फिन्सबरी या भागाचे महापौर झालेल्या या डॉक्टरांच्याच घरी १९३१ साली महात्मा गांधी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली होती. गरिबाच्या आजारपणाचे अर्थशास्त्र ज्याने डोळ्यांनी पाहिले होते, अशा माणसाच्या हाती ही योजना प्रथम सोपविली गेली, हे तिचे भाग्य.

कानपूरच्या त्या समारंभात पंडितजी स्वतः पहिले मानद विमाधारक झाले, आणि त्यांचे घोषणापत्र महामंडळाने ठेव्यासारखे जपून ठेवले आहे. माझ्यासारख्या जुन्या टाइमकीपरच्या मनात मात्र भलतीच शंका येते: त्या घोषणापत्रावर मालक म्हणून सही कोणी केली असेल? कारण मालकाच्या सहीवाचून या खात्यात पान हलत नाही, आणि माझ्या पत्राचा सारा विषय तोच आहे.

आज कामगाराला जे मिळते त्याचे वर्णन करतो. महामंडळाच्या संगणकीकरणाच्या ‘पंचदीप’ प्रकल्पाच्या काळात बोटांचे ठसे घेऊन दोन टणक कार्डे दिली जात, एक विमाधारकाला व दुसरे त्याच्या कुटुंबाला, म्हणजे नवरा कामावर असताना बायको मुलाला घेऊन दवाखान्यात जाऊ शके. ती पद्धत मागे पडली. आता संगणकातून छापून निघतो तो साध्या पांढऱ्या कागदाचा एक ताव. त्यावर दहा अंकी विमा क्रमांक, कामगाराचे नाव, कुटुंबीयांची नावे आणि छायाचित्राची जागा. कुटुंबाचे एकत्र छायाचित्र तेथे चिकटवून त्यावर मालकाची सही व शिक्का घ्यावा लागतो. कामगार पनवेलला आणि बायको-मुले बीडकडे किंवा गोरखपूरकडे, तेव्हा एकत्र छायाचित्र आणायचे कोठून? मग स्टेशनाजवळच्या स्टुडिओत कोणा नातलगाच्या लग्नात काढलेला बायकोचा फोटो मोबाइलवरून घेऊन नवऱ्याच्या शेजारी बसवून देतात. पैठणी नेसलेली बायको आणि निळ्या कामाच्या शर्टातला नवरा, मागे एकच आकाशी पडदा. हा कागद चार घड्या घालून गेटपासच्या प्लास्टिकच्या पाकिटात राहतो. पहिल्या पावसाळ्यात शिक्क्याची जांभळी शाई पसरून बायकोच्या कपाळावर येते, आणि घडी नेमकी विमा क्रमांकावरून गेलेली असली की तीनचा आठ आहे की आठाचा तीन, हे दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने ठरवायचे. शहाणा असतो तो झेरॉक्सवाल्याकडून कागदाला लॅमिनेशन करून घेतो. पुढे त्यात मुलाचे नाव वाढवायचे झाले की लॅमिनेशनही व्यर्थ आणि कागदही व्यर्थ.

हा कागद हरवला तर? येथे कोणी म्हणेल, आणि न्याय्यपणे म्हणेल, की विमाधारकाला महामंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन आपले पत्रक आपणच छापून घेता येते. खरे आहे, मी स्वतः कितीकांना तसे काढून दिले आहे. परंतु तेथे प्रवेश करण्यास विमा क्रमांक लागतो, जो हरवलेल्या कागदावरच होता. आणि नोंदविलेला मोबाइल क्रमांक लागतो, जो पुष्कळदा कामगाराचा नसून ज्या मुकादमाने त्याला भरती केले त्याचा असतो, कारण एका दुपारी तीस माणसांची नोंदणी उरकायची तर तीस मोबाइलांवर येणारे संकेतांक विचारत कोण बसतो? मुकादम मग दुसऱ्या कारखान्यात जातो, त्याचा फोन लागत नाही, आणि आपल्या विम्याचा पत्ता विचारीत कामगार त्याच्या मागे फिरतो. एवढे करून पत्रक निघालेच, तरी छायाचित्रावर शिक्का पुन्हा मालकाचाच.

आणि मालक कोण? माझ्या उमेदीच्या काळात मालक म्हणजे कारखाना असे. आता तळोज्याच्या कोणत्याही फाटकावर सकाळच्या पाळीला उभे राहा; आत जाणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या गळ्यातल्या पट्ट्यावर कारखान्याचे नाव नसते, मक्तेदाराचे असते. मक्ता बदलला की मालक बदलतो. माणूस तोच, यंत्र तेच, फाटक तेच. विमा क्रमांक मात्र कायद्याप्रमाणे जन्मभर एकच राहावयाचा आहे. नव्या मक्तेदाराच्या कारकुनासमोर संगणक स्वच्छ प्रश्न विचारतो की या इसमाची पूर्वी नोंदणी झाली आहे काय. जुना क्रमांक शोधत बसण्यापेक्षा ‘नाही’ वर बोट ठेवणे सोपे असते, म्हणून कारकून ‘नाही’ वर बोट ठेवतो, आणि एका माणसाचे दोन विमाधारक होतात.

याचा परिणाम काय होतो ते एका तरुणाच्या उदाहरणाने सांगतो. त्याचे, त्याच्या मक्तेदारांचे आणि कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एप्रिल ते सप्टेंबर या वर्गणीच्या सहामाहीत तो एकाच फाटकाच्या आत कामाला होता. जूनअखेर मक्ता बदलला. पहिल्या क्रमांकावर त्याची ५० दिवसांची वर्गणी जमा झाली आणि दुसऱ्यावर ६१ दिवसांची. पुढे जानेवारीत त्याला कावीळ झाली. तेव्हाच्या आजारपणाचा भत्ता मिळण्यास एप्रिल ते सप्टेंबरच्या त्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. त्याची एकूण वर्गणी १११ दिवसांची होती, त्याच्या पगारातून ती रीतसर कापली गेली होती आणि सरकारजमाही झाली होती. पण ५० म्हणजे ७८ नव्हेत आणि ६१ म्हणजेही ७८ नव्हेत. दोन्ही क्रमांक एकाच देहाचे आहेत हे सिद्ध करण्यास आधीच्या मक्तेदाराचे पत्र लागत होते, आणि आधीचा मक्तेदार मक्ता गेल्यावर ज्याच्याशी आपला संबंध उरला नाही अशा माणसाला पत्र कशाला देईल? पिवळ्या डोळ्यांचा तो मुलगा माझ्या ओटीवर बसला होता तेव्हा त्याच्याजवळ दोन्ही कागद होते, दोन्हींवर त्याचाच फोटो होता, आणि एकावर त्याच्या आडनावात एक अक्षर जास्त होते. आधार जोडणीमुळे असे नवे दुहेरी क्रमांक निघण्यास आळा बसतो, हे मी मानतो. पण जे निघून बसले आहेत त्यांचे काय करायचे, हा भार आजही त्याच माणसावर आहे ज्याने ते काढले नव्हते.

अमेरिकेत याच्या नेमका उलट प्रकार एकदा झाला होता. तेथे १९३६ च्या अखेरीस टपाल कचेऱ्यांमार्फत सामाजिक सुरक्षेचे क्रमांक वाटण्यास प्रारंभ झाला, आणि दोन वर्षांनी पैशांची पाकिटे करणाऱ्या एका कारखानदाराने आपल्या पाकिटात असे कार्ड किती छान बसते हे दाखवण्यासाठी नमुन्याचे कार्ड घालून पाकिटे विकली. नमुन्यावर छापलेला क्रमांक कारखान्यातील एका चिटणीस बाईचा खराखुरा होता. गिऱ्हाइकांना वाटले की पाकिटाबरोबर क्रमांकही मिळाला. १९४३ साली ५,७५५ माणसे तो एकच क्रमांक आपला म्हणून वापरीत होती. तेथे हजारोंत एक क्रमांक, येथे एकात तीन-चार. पण क्रमांक आणि कार्ड हा प्रश्न त्या देशात नागरिक आणि सरकारी कचेरी या दोघांतच मिटतो. आजही तेथे कार्ड हरवले तर नवे विनामूल्य मिळते; वर्षाला तीन आणि जन्मात दहा, अशी मर्यादा त्यांनी घातली आहे खरी, पण त्या दहांपैकी एकावरही मालकाची सही लागत नाही.

इंग्लंडात १९११ च्या कायद्याने विमा आला तेव्हा कामगाराच्या कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटविण्याचे काम मालकाचे होते, म्हणून नोकरी असेपर्यंत कार्ड मालकाच्या कपाटात राही. पण नोकरी सुटल्या दिवशी ते कामगाराच्या हाती परत देणे मालकावर बंधनकारक असे, आणि ते घेऊन तो दुसऱ्या दारी जाई. आपल्याकडे तिकिटे गेली, कपाटेही गेली, वर्गणी संगणकातून जमा होऊ लागली, आणि मालकाच्या हाती कार्ड असण्याचे एकमेव कारण नाहीसे झाले. तरी त्याचा शिक्का राहिला.

शिक्क्याच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. पूर्वी एकाच्या कार्डावर दुसऱ्याने औषध नेण्याचे प्रकार होत असत, मी पाहिले आहेत, आणि आपला माणूस कोण हे सांगण्यास मालकाहून जवळचा साक्षीदार नाही असे ज्या काळी वाटले, त्या काळी ते बरोबरही असेल. पण ज्या मक्तेदाराने आपली दोनशे माणसे एकदाही समोर पाहिलेली नाहीत, त्याचा रबरी शिक्का मुकादमाच्या पिशवीत फिरतो आणि बसस्टँडावरच्या चहाच्या टपरीवरही उमटतो, त्या शिक्क्याने ओळख कशी पटणार? ओळख पटविण्याचे काम बोटांच्या ठशांनी व आधारने आधीच केले आहे. शिक्क्याने उरते ती केवळ मालकाची मर्जी. पगारावरून कुरबुर केलेल्या, संघटनेच्या सभेला गेलेल्या, किंवा नुसत्या सोडून गेलेल्या माणसाला तो शिक्का ‘उद्या ये’ म्हणतो.

आणखी एक विसंगती आपल्या नजरेस आणतो. ज्याने ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली आणि एप्रिलमध्ये ज्याला कामावरून कमी केले, त्याचा औषधोपचाराचा हक्क कायद्याने पुढच्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत शाबूत राहतो. त्या काळात त्याला मालकच नसतो. त्याचे पत्रक हरवले, किंवा त्याला मूल झाले आणि नाव वाढवायचे झाले, तर शिक्का कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर महामंडळाने एका ठिकाणी स्वतःच दिलेले आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीच्या काळातील मदत मागण्यास पूर्वी शेवटच्या मालकाची शिफारस लागे. २०२० साली, महासाथीत, ती अट काढून टाकण्यात आली, विमाधारकाने आपला अर्ज थेट शाखा कार्यालयात द्यावा असे ठरले, आणि मदतीची रक्कमही पगाराच्या शेकडा २५ वरून ५० करण्यात आली. रोख पैसे देताना मालकाच्या सहीवाचून जे चालले, ते एक कागद देताना का चालू नये, हे मला समजलेले नाही.

माझी विनंती यातूनच निघते. विमाधारकाने आधार व पगाराच्या खात्याचे पुस्तक घेऊन कोणत्याही शाखा कार्यालयात जावे आणि मालकाचा शिक्का, पत्र वा शिफारस यांवाचून त्याला टणक, पावसात न भिजणारे कार्ड मिळावे. त्यावरचा मजकूर तो ज्या राज्यात राबतो तेथील भाषेत, आमच्याकडे मराठीत, असावा. कुटुंबासाठी पूर्वीप्रमाणे दुसरे कार्ड असावे, कारण नवरा तळोज्याला व बायको गावी हीच आता रीत झाली आहे, आणि गावाजवळचा दवाखाना कुटुंबासाठी निवडण्याची मुभा योजनेत असली तरी ती वापरायची तर तिच्या हातात काही असावे लागते. एकाहून अधिक क्रमांक असल्यास ते एकत्र करण्याची जबाबदारी शाखा कार्यालयाने आपल्याकडे घ्यावी, वर्गणीचे दिवस जोडावेत, आणि त्यासाठी जुन्या मक्तेदाराकडे पत्र मागायचे असेल तर ते कचेरीने मागावे. कचेरीचे पत्र मक्तेदार फाडीत नाही. मोबाइल क्रमांक नोंदविताना तो कामगाराचाच आहे याची खातरजमा त्याच्या समक्ष व्हावी.

अर्जाला मुदत हवी आणि पोच हवी. आमच्या पनवेलच्या तहसील कचेरीत उत्पन्नाचा किंवा वयाचा दाखला मागणाऱ्याला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये ठरावीक दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क आहे. न मिळाल्यास अपील, त्यावर दुसरे अपील आणि त्याही वर आयोग आहे. तो कायदा राज्याचा, महामंडळ केंद्राचे, म्हणून कार्डाच्या अर्जाला त्याचा आधार नाही. अर्ज टेबलावर पडून राहिला की काय होते हे आमच्या तालुक्याला जुन्या काळापासून ठाऊक आहे. वासुदेव बळवंत फडके हे येथून हाकेच्या अंतरावरच्या शिरढोणचे. पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करीत असता आईच्या अंतकाळी त्यांना रजा वेळेवर मिळाली नाही, आणि आईची भेट झाली नाही. त्यांच्या बंडाची कारणे पुष्कळ मोठी होती, दुष्काळाने गांजलेला सारा मुलूख त्यांच्यापुढे होता, परंतु त्या रजेच्या अर्जाचा सल त्यांच्या चरित्रकारांनी कधी वगळलेला नाही. आज तसे बंड कोणी करणार नाही. आजचा माणूस फार तर दलालाला पैसे देतो, किंवा कार्डाचा नाद सोडून खासगी डॉक्टरकडे जातो आणि वर्गणी मात्र भरीत राहतो. तीन कोटींहून अधिक विमाधारकांचा निधी सांभाळणाऱ्या महामंडळाच्या हिशेबात हा दुसरा माणूस फायद्याचा दिसेल. म्हणूनच त्याची तक्रार कोठे नोंदली जात नाही.

हे सारे आजच लिहिण्यास निमित्त आहे. १९४८ चा अधिनियम ज्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, ती २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे, आणि तिच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या संहितेने प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आणताना खाते जुनी कलमे जशीच्या तशी उतरवून काढते, हा माझा सरकारी कागदांचा अनुभव आहे. मालकाचा शिक्का अशाच नकलेतून आणखी सत्तर वर्षे पुढे जाण्याचा संभव आहे. तेव्हा नियमांच्या मसुद्यातून ते कलम आताच वगळावे. नियुक्तिपत्रावर आणि पगाराच्या प्रत्येक स्लिपवर विमा क्रमांक छापलाच पाहिजे अशी तरतूद करावी, म्हणजे कागद हरवला तरी क्रमांक हरवणार नाही. आणि तळोजे, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात पाळी सुटण्याच्या वेळी शाखा कार्यालयाची माणसे आठवड्यातून एकदा फाटकापाशी बसतील अशी तजवीज व्हावी, कारण कचेरी उघडी असते तेव्हा कामगार यंत्रावर असतो आणि एक खाडा म्हणजे एका दिवसाची रोजी. मसुद्यावर हरकती व सूचना मागविल्या जातील तेव्हा हे पत्र त्यांत दाखल करून घ्यावे, आणि ते दाखल झाल्याची पोच मात्र मला अवश्य पाठवावी.

कळावे, ही विनंती.

आपला नम्र,
पनवेलचा एक सेवानिवृत्त टाइमकीपर